घोडी रात्रीतून तीन पायांवर आली, टापेत पू झालाय का आणि झाला असेल तर काय करायचं

दादा, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वरातीची घोडी, नाल बदलून आठ-दहा दिवस झाले, संध्याकाळपर्यंत चांगली होती अन् सकाळी उजवा पुढचा पाय टेकवीना गेली. शेजारी म्हणायलेत खांदा निखळला, एक म्हातारे म्हणतात डाग द्या, कुणीतरी दोन दिवस दुखण्याचं अन् अँटिबायोटिकचं इंजेक्शन मारलं, त्यानं जरा बरं वाटलं अन् परत होतं तसंच. आता विचारायलात की नालबंद टाप कोरून बघतो म्हणतो तर कोरू द्यावी का नाही, अन् पंधरा दिवसांवरच्या लग्नाची सुपारी घेतलीय तिचं काय करायचं.

सुपारीचं शेवटी बोलू. आधी खांदा डोक्यातून काढा. घोड्याच्या पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खालीच असतं, टापेत नाहीतर टापेच्या जवळपास, खांद्यात फार कमी. लोकांना खांदा वाटतो कारण घोडी पाय पुढं टाकत नाही, अख्खा पाय आखडून धरते, दुखण्यानं खांद्याचं मांस थरथरतं, मग नजर तिथंच जाते. पण काल बरी अन् आज टेकवतच नाही, वर कुठं मोठी जखम नाही, मोठी सूज नाही, अन् नुकताच नाल ठोकलाय, एवढं ऐकलं की माझा पहिला संशय टापेतल्या पूवरच.

हे दुखणं एवढं भयंकर का असतं ते समजून घ्या म्हणजे पुढचा सगळा इलाज आपोआप कळंल. तुम्हाला कधी नखुरडं झालं असंल तर आठवा, नखाच्या कडेला थेंबभर पू असतो पण रात्रभर झोप नाही. टापेचं तेच आहे. बाहेरून टणक कवच, आत जिवंत मांस अन् हाड, अन् त्या दोघांच्या मधे घाण अन् जंतू शिरून पू झाला तर त्याला फुगायला जागाच नाही. सगळा दाब आत. म्हणून पू चमचाभर असला तरी ५ क्विंटलाला टेकलेलं जनावर पाय उचलून उभं राहतं, बघणाऱ्याला वाटतं हाडच मोडलं. अन् म्हणूनच इंजेक्शननं हे बरं होत नाही. पू कोंडलेला असतो तिथं रक्तातून औषध नीट पोचत नाही, दुखणं दोन दिवस दबतं, पू आतल्या आत वर सरकत राहतो. पूला बाहेर वाट मिळाली की काम झालं, बाकी सगळं त्या वाटेची राखण.

पण कोरायच्या आधी खात्री करायची, अन् त्याच्याही आधी एक काम आजच्या आज करा, पुढचं नंतर वाचलं तरी चालंल. धनुर्वाताची लस. घोड्याइतका धनुर्वाताला नाजूक प्राणी आपल्याकडं दुसरा नाही, त्याचे जंतू मातीत अन् घोड्याच्या लिदीतच असतात, अन् टापेतली अशी हवा न लागणारी बारीक भोकं म्हणजे त्यांना पाहिजे तशी जागा. घोडीला याआधी नियमित लस दिलेली असंल तर बूस्टर, कधीच दिली नसंल किंवा आठवत नसंल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा, म्हणजे ते लसीबरोबर धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन पण देतील, वेगळ्या जागी. लंगडी घोडी बरी झाली अन् दोन-तीन आठवड्यांनी कान ताठ, शेपूट वर, जबडा बंद, डोळ्यावर आतला पडदा यायलाय, असं झालं की मग फार थोडी जनावरं वाचतात.

आता खात्री कशी करायची. टापेच्या वर, गाठीच्या सांध्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडेला बोट हलकं ठेवा, तिथून टापेकडं नाडी जाते. चांगल्या पायात ती शोधावी लागते, पू झालेल्या पायात बोटाखाली ठणठण उडते. दोन्ही पायांची लागोपाठ तुलना करा, एकट्या पायावरून काही कळत नाही. मग तळहाताची मागची बाजू टापेला लावून गरमपणा बघा, पण सावलीत, उन्हात उभी असंल तर चारही टापा गरमच लागतात. थर्मामीटर लावा, घोड्याचं नॉर्मल साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट, टापेतल्या साध्या पूला ताप बहुतेक नसतोच. टापेच्या वरच्या निमुळत्या भागावर थोडी सूज असू शकते, पण सूज गुडघ्याकडं चढायलीय अन् ताप १०२ च्या वर आहे तर प्रकरण साधं नाही, डॉक्टरला लगेच बोलवा.

याच्यासारखी दिसणारी दुसरी दुखणी पण आहेत. दोन्ही पुढच्या टापा गरम, दोन्हीकडं नाडी उडायलीय, घोडी मागच्या पायावर वजन टाकून पुढचे पाय समोर ताणून उभी, अन् आदल्या दिवशी हरभऱ्याच्या किंवा ज्वारीच्या पोत्याला तोंड लागलेलं, तर तो पू नाही, लॅमिनायटिस आहे, म्हणजे कवचाला आतल्या हाडाशी धरून ठेवणाऱ्या थराला आलेली सूज, तिथं टापेवर कोमट नाही बर्फाचं पाणी लागतं, म्हणजे इलाजच उलटा, म्हणून हे आधी तपासायचं. पाय भलत्याच दिशेला वळतो, हाताला कटकट लागते, किंवा पडल्या-झडल्यानंतर लगेच हे झालं, तर हाड मोडल्याचा संशय, हलवायचंच नाही. अन् छोटं शिंगरू असं लंगडायला लागलं तर ते सांध्यातलं इन्फेक्शन असू शकतं, तिथं या सगळ्यातलं काही घरी करू नका.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे टापेत घुसलेला खिळा किंवा तार अजून आत दिसायलीय, अन् तेही तळव्यातल्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात, ज्याला फ्रॉग म्हणतात. त्याच्या मधल्या पट्ट्यात आत खोल स्नायूची दोरी (टेंडन), तिच्या पलीकडं पाण्याची पिशवी अन् सांधा असतो. तिथला खिळा आपण उत्साहानं ओढून फेकून देतो अन् मग कुठं किती खोल गेला होता कुणालाच कळत नाही. जमलं तर तो तसाच ठेवून पाय वर धरायची सोय करून डॉक्टर येईपर्यंत थांबा, शक्य तर खिळा आत असतानाच एक्स-रे. नाहीच जमलं तर काढताना जागेवर मार्करनं खूण करा, मोबाइलवर फोटो काढा, खिळा टाकून देऊ नका, किती लांबी आत होती ती त्याच्यावर खूण करून ठेवा. तिथलं इन्फेक्शन ही पहिल्या चोवीस तासांची लढाई असते.

तुमच्या घोडीला नाल ताजा आहे म्हणून सुरुवात नालापासून. नाल एकदम पक्कड लावून उपटायचा नाही. बाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं कानशीनं घासून एकेक खिळा सुटा काढायचा, अन् प्रत्येक खिळ्याला दोन गोष्टी बघायच्या, काढताना घोडी दचकली का, अन् निघालेला खिळा कोरडा आहे का काळा-ओला, वास मारतोय का. जो खिळा ओला निघाला त्याचं भोक हीच बऱ्याचदा वाट असते अन् तिथूनच पू टपकायला लागतो. खिळा सरळ जिवंत मांसात गेला तर घोडं ठोकतानाच पाय ओढतं अन् नालबंदाला तिथंच कळतं. पण मांसाच्या अगदी जवळून गेला तर लगेच कळत नाही, दाबत राहतो अन् चार-आठ दिवसांनी लंगडणं दिसतं. तुमच्या दिवसांचा हिशोब त्यात बसतो. म्हणून लगेच नालबंदाशी भांडायला जाऊ नका, पातळ टापेत चांगल्या हाताकडूनही हे होतं, अन् आता त्याचीच गरज लागणार आहे.

नाल निघाल्यावर टाप ब्रशनं धुवून घ्या, तळव्याचा वरचा मेलेला थर चाकूनं पातळ पातळ काढा म्हणजे खालचा रंग दिसतो. कवच अन् तळवा जिथं जुळतात तिथं एक पिवळट-पांढरी रेष सगळीकडून फिरते. माझा अनुभव असा की दहातल्या बहुतेक घोड्यांना वाट या रेषेतच सापडते, काळा ठिपका किंवा काळी फट म्हणून. हूफ टेस्टर नावाची मोठी सांडशी असते, तिनं टाप थोडी थोडी दाबत पूर्ण फेरा मारायचा. आधी चांगल्या पायाला, म्हणजे घोडी उगाच दचकणारी आहे का ते कळतं, मग दुखऱ्या पायाला, संशयाच्या जागेपासून लांब सुरू करून. एकाच जागी परत परत दाबल्यावर दर वेळी पाय ओढला तर ती जागा. सांडशी नसंल तर छोट्या हातोडीनं हलकं ठोकत जा, तेवढं नेमकं नाही पण चालतं.

मग कोरायचं, अन् इथंच बिघडतं. काळी वाट जिकडं जाईल तिकडंच चाकूचं टोक न्यायचं, वळणदार अरुंद चाकूनं, शक्य तितकं रेषेच्या बाजूनं कवचाकडं झुकून, तळव्याच्या मधे नाही. भोक पेन्सिल जाईल एवढं बास. पू लागला की कळतंच, करडा-काळा पातळ, घाणेरड्या वासाचा, कधी दाबामुळं चिळकांडी उडते म्हणून तोंड बाजूला ठेवा. अन् लाल रक्त दिसलं की थांबायचं, म्हणजे थांबायचंच, पू मिळो न मिळो. आपल्याकडं चांगलं मोठं तोंड करून ठेवायची हौस आहे, रुपयाएवढं भोक पाडतात, मग त्यातून आतलं मांस बाहेर फुगतं अन् आठवड्याचं दुखणं दोन-दोन महिने चालतं.

तर नालबंदाला कोरू द्यावं का, तुमचा खरा प्रश्न. द्या, पण डॉक्टर समोर असताना. खरं सांगायचं तर रोज चाकू धरणाऱ्या नालबंदाचा हात आमच्यातल्या कित्येक डॉक्टरांपेक्षा साफ असतो, गायी-म्हशीत आयुष्य गेलेल्या माणसाला टापेचा चाकू माहीत नसतो, त्यात लाज नाही. पण कुठं थांबायचं, पाय बधिर करायचा का, आत हाड लागलंय का हे डॉक्टरनं बघायचं. दोघं मिळून केलेलं काम बघितलं की जीव खूश होतो, एरवी दोघं एकमेकाला शिव्या देतात अन् घोडी मधे उभी.

पू सापडलाच नाही तर? घाबरू नका अन् खोल खणत बसू नका. टाप उन्हाळ्यातल्या दगडासारखी टणक असली की चाकूच चालत नाही, तेव्हा एक-दोन दिवस पोटीस बांधून मऊ करायची अन् परत बघायचं. गव्हाचा कोंडा, मॅग्नेशियम सल्फेट अन् कोमट पाणी, घट्ट लगदा. मेडिकलला मॅगसल्फ-ग्लिसरीनची पेस्ट मिळते ती पण चालते. मॅग्नेशियम सल्फेट कुठं शोधायचं असं विचारतात लोक, अहो कपाशी लाल पडली की आपण फवारतो तेच ते, कृषी सेवा केंद्रात किलोनं मिळतं, फक्त साधं मॅग्नेशियम सल्फेटच घ्या, मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट उचलून आणू नका.

भोक पडल्यावर रोज एकदा-दोनदा कोमट पाण्यात हेच मॅग्नेशियम सल्फेट टाकून १५-२० मिनिटं टाप बुडवायची, पाणी आपल्या कोपराला सोसेल एवढंच गरम. घमेल्यात पाय ठेवून घेत नसंल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून टापेला बांधा, वर सुतळी हलकी. हे दोन-तीन दिवस बास, आठवडाभर भिजवत बसलं की टापच मऊ पडून नवीन दुखणं होतं. पुसून कोरडी केल्यावर भोकात पोव्हिडोन आयोडीनमधे भिजवलेला कापूस हलका ठेवायचा, गच्च ठोसायचा नाही, नाहीतर आपणच केलेली वाट आपणच बंद केली. वरून पट्टी, अन् पट्टीसाठी माझी आवडती वस्तू म्हणजे लहान बाळाचा डायपर, टापेवर बरोबर बसतो, मऊ असतो. त्याच्यावर चिकटपट्टीचे चार-पाच वेढे, मग युरियाच्या गोणीचा तुकडा किंवा जुन्या ट्यूबचा बूट. चिकटपट्टी केसांच्या कडेच्या वर घट्ट जाऊ देऊ नका, रक्त अडतं. रोज उघडून बघायचं. ओली पट्टी ठेवण्यापेक्षा नसलेली बरी.

आता काय करायचं नाही. बिब्बा घालू नका. उकळतं तेल, रॉकेल, बॅटरीचं ॲसिड, काहीच नको, जिवंत मांस जळतं अन् त्या जळालेल्या भागात जंतूंना अजून जागा होते. हायड्रोजन पेरॉक्साइड फेस येतो म्हणून लोकांना आवडतं, एकदा धुवायला ठीक, रोज नको. खांद्यावर डाग देण्याचं तर बोलायलाच नको, दुखणं टापेत अन् जाळायचं खांद्याला, म्हाताऱ्यांचा मान राखून नाही म्हणा.

दुखण्याचं औषध द्यावं, मी त्याच्या विरोधात नाही, घोडी तीन पायांवर दिवस-दिवस उभी राहिली तर चांगल्या टापेवर लोड येऊन तिथं लॅमिनायटिस होऊ शकतो. मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन, फिनाइलब्युटाझोन ही नावं डॉक्टरकडून ऐकायला मिळतील, डोस वजनावर ठरतो अन् दोन औषधं एकदम द्यायची नसतात, पोटात अल्सर होतो, किडनीवर येतं. डायक्लोफिनॅक कुणी मारत असंल तर थांबवा, गिधाडं मेली म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, अन् २०२३ मधे किटोप्रोफेन अन् असिक्लोफिनॅक पण बंद झालं. पू सापडायच्या आधी भरपूर पेनकिलर देऊन घोडी हसती-खेळती करू नका, मग सांडशी लावल्यावर ती पाय ओढणारच नाही, शोधणार कसं. अँटिबायोटिक साध्या पूला बहुतेक वेळा लागतच नाही. ताप आहे, सूज वर चढायलीय, किंवा खिळा खोल गेलाय तर लागतं, अन् तेव्हा पूर्ण कोर्स.

पू निघाला की एक-दोन दिवसात घोडी पाय टेकवायला लागते, कधी कधी तर भोक पडल्या पडल्या सुस्कारा टाकून पाय खाली ठेवते. तसं झालं नाही, वाट झाली तरी दोन-तीन दिवसांनी तेवढीच लंगडायलीय, किंवा बरी होऊन परत त्याच जागी पू, तर एक्स-रेच लागतो, आतल्या हाडाला इन्फेक्शन, बारीक तडा किंवा टापेतली गाठ असं काही असू शकतं. आपल्याकडं परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं न्या. टेम्पोत नेताना खाली जाड गवत टाका, अन् गाडी हळू. गावात डॉक्टर मिळतच नसंल तर १९६२ ला फोन लावा, फिरता दवाखाना येतो.

कधी आपण काही करायच्या आधीच पू वरून, केसांच्या कडेपाशी फुटतो. लोक घाबरतात पण लंगडणं तिथंच कमी होतं. धुवायचं, तिथं पण आयोडीन, अन् खालची वाट सापडली तर तीही उघडायची म्हणजे निचरा होतो. तिथं आडवी भेग राहते, ती टाप वाढंल तशी खाली येते, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे जमिनीला लागायला सहा महिने ते वर्ष. तोवर ती जागा नालबंदाला दाखवून ठेवायची, तिथं खिळा नको.

परत होऊ नये म्हणून फार काही नाही. आपली काळी माती पावसाळ्यात टापेला थापून बसते, टाप मऊ होते, मग ऊन पडलं की कडक होऊन चिरते, अन् त्या चिरेत खडा, बाभळीचा काटा, मांडवातला खिळा. रोज संध्याकाळी टाप उचलून टोकरणीनं साफ करा, मुताच्या चिखलात उभी करू नका, नाल दर पाच-सहा आठवड्याला बदला, नाल झिजला नाही म्हणून तीन महिने चालवू नका, टाप वाढून कवच-तळव्याच्या जोडाची ती रेषच ताणून उघडते. जुन्याच भोकात परत खिळा मारणारा नालबंद असंल तर बदला. अन् माळेगावच्या यात्रेत घोडं घेणार असाल तर चारही टापा उचलून बघा, अन् सकाळी एकदा अन् दुसऱ्या दिवशी एकदा कडक जमिनीवर चालवून बघा, इंजेक्शनवर उभं केलेलं जनावर दुसऱ्या दिवशी खरं बोलतं.

आता सुपारी. आज-उद्या पू निघाला अन् सगळं सरळ गेलं तर आठ-दहा दिवसात भोकावर कोरडा टणक थर येतो, मग नाल बसवता येतो. माझी अट दोन गोष्टींची असते, भोक पूर्ण कोरडं, अन् दुखण्याचं औषध बंद करून दोन-तीन दिवस झाले तरी घोडी सरळ चालते. दोन्ही जुळलं तर पंधराव्या दिवशी हलकी वरात होऊ शकते, अंतर कमी, नाच नको, मधे चामड्याचा पॅड घालून नाल. पण डीजेसमोर दोन पायांवर नाचवायचं असंल तर जमणार नाही, ते मी आत्ताच सांगतो. लग्नवाल्याला आजच फोन करून दुसरी घोडी बघून ठेवायला लावा, आदल्या दिवशी इंजेक्शन मारून नेण्यापेक्षा ॲडव्हान्स परत देणं स्वस्त पडंल. खिळे काढल्यावर कुठला ओला निघाला त्याचा अन् तळव्याचा धुतलेला फोटो टाका, वाट कुठं दिसते ते बघून सांगतो.